औषध तयार आहे, पण पेशीपर्यंत नेणार कोण?

२०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर एका इंजेक्शनसाठी धावाधाव चालली होती. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी. कोविडमधून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिसने गाठलं होतं. बुरशी नाकातून डोळ्याकडे, डोळ्यामागून मेंदूकडे सरकत होती, आणि नातेवाईक हातात प्रिस्क्रिप्शन घेऊन या दुकानातून त्या दुकानात, या शहरातून त्या शहरात फोन करत होते. साधं ॲम्फोटेरिसिन बी त्याहून कितीतरी स्वस्त होतं. तरीही डॉक्टर सांगत, शक्यतो लायपोसोमलच बघा.

दोन्ही बाटल्यांत औषध तेच. बुरशीच्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारा तोच रेणू. पण तो साधा टोचला तर बुरशीबरोबर रुग्णाच्या मूत्रपिंडालाही जबर तडाखा देतो, म्हणून डॉक्टरांना हात आखडून डोस द्यावा लागतो. लायपोसोमल प्रकारात तोच रेणू मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत बसवलेला असतो. त्यामुळे मूत्रपिंडाला होणारी इजा बरीच कमी होते आणि बुरशी मरेल इतका मोठा डोस देता येतो. इतक्या घरांनी जिवाच्या आकांताने जे शोधलं, ते खरं तर त्या औषधाचं वेष्टण होतं.

गेल्या दहा वर्षांत जैवतंत्रज्ञानात जे मोठं घडलं, त्यातलं बरंचसं या वेष्टणामुळे घडलं, असं माझं मत आहे. जनुकांची दुरुस्ती, एमआरएनए लस, कर्करोगावरच्या नव्या उपचारपद्धती यांच्या बातम्या होतात. पण हे सगळं शरीरातल्या नेमक्या पेशीत नेऊन पोचवायचं कसं, हा प्रश्न त्या शोधांइतकाच अवघड होता आणि अजून पुरता सुटलेला नाही. नॅनोजैवतंत्रज्ञान हे भारदस्त नाव आज ज्या कामाला आहे, त्याचा एक मोठा भाग म्हणजे पोचवण्याची ही खटपट.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आज औषधांसाठी जे मेदकण वापरतात, ते साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचे असतात. आपल्या रक्तातली एक तांबडी पेशी ७ ते ८ हजार नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असे ऐंशीएक कण ओळीने मावतील. हा आकार सोयीचा असतो. याहून फार लहान कण मूत्रपिंडातून गाळून बाहेर जातात, फार मोठे कण रक्तातल्या भक्षक पेशी पटकन टिपतात.

अशी मेदाची पिशवी आपोआप तयार होते हे १९६०च्या दशकात ॲलेक बँगहॅम यांनी केंब्रिजजवळच्या बॅब्रहॅम इथल्या संस्थेत दाखवलं. पेशींच्या पडद्यात जो मेद असतो, त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू पाण्यात सोडले की पाण्यापासून पळणारी टोकं एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि बंद पिशव्या तयार होतात. याच लायपोसोम. १९९५ मध्ये डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध लायपोसोममध्ये भरून अमेरिकेत मान्य झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातही या विषयावर आधीपासून काम चाललं होतं. डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन विकसित केलं. म्युकरच्या वर्षी हे काम जितकं आठवायला हवं होतं तितकं आठवलं गेलं नाही, याची मला खंत वाटते.

मात्र ॲम्फोटेरिसिन हा लहान रेणू आहे. खरी कसोटी लागली ती आरएनए पोचवायची वेळ आली तेव्हा.

आरएनए म्हणजे पेशीला दिलेली लेखी सूचना. डीएनए पेशीच्या केंद्रकात राहतो, त्यातल्या हव्या त्या भागाची नक्कल एमआरएनएच्या रूपात बाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिनं बनतात. ही नक्कल आपणच प्रयोगशाळेत लिहून पेशीत सोडली, तर आपल्याला हवं ते प्रथिन पेशी स्वतः बनवेल. कल्पना जुनी आहे. अडचणी तीन होत्या. रक्तात आरएनए कापणारी विकरं (एन्झाइम) सतत फिरत असतात, त्यामुळे उघडा आरएनए काही मिनिटांतच तुकडे होऊन जातो. तो लांबलचक असतो आणि त्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे पेशीचा पडदा त्याला आत घेत नाही. आणि बाहेरून आलेला आरएनए म्हणजे विषाणूच असणार, असं धरून शरीर त्याच्यावर तुटून पडतं.

तिसरी अडचण कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी सोडवली. आरएनएमधलं युरिडिन हे अक्षर किंचित बदललं की शरीराची ओरड थांबते, हे त्यांनी २००५ मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं. पहिल्या दोन अडचणींवरचं उत्तर मात्र मेदाच्या रसायनशास्त्रातून आलं, आणि ते इतकं सुंदर आहे की त्यावर थोडं थांबून बोलायला हवं.

आरएनएवर ऋण भार आहे, तर त्याला धन भाराच्या मेदात गुंडाळावं, हे कुणालाही सुचेल. तसं करूनही पाहिलं गेलं. काचेच्या तबकडीतल्या पेशींवर ते छान चाललं, पण शरीरात कायम धन भार बाळगणारे मेद विषारी ठरले. ते रक्तातल्या प्रत्येक गोष्टीला चिकटत आणि पेशींचे पडदे फाडत. मग कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले पीटर कलिस आणि त्यांचे सहकारी वेगळ्या मेदाच्या मागे लागले. परिसर पाहून भार बदलणारा मेद. आम्ल वातावरणात तो धन भार घेतो आणि रक्तासारख्या जवळपास उदासीन द्रवात तो भार टाकून देतो. अनेक वर्षं असे शेकडो मेद बनवून तपासले गेले.

हा गुण तीन ठिकाणी कामाला येतो. पहिला उपयोग कण बनवताना. आरएनए आम्ल पाण्यात आणि मेद अल्कोहोलमध्ये विरघळवून दोन्ही प्रवाह अगदी बारीक नळ्यांतून एकत्र आणतात. मेदावर धन भार येतो, तो आरएनएला बिलगतो, आणि निमिषार्धात कण आपोआप तयार होतात. मग अल्कोहोल काढून टाकतात, आम्लता उतरवतात, की मेदाचा भार जातो. आता हा कण रक्तात निमूट फिरू शकतो, कुणाला चिकटत नाही. हा दुसरा उपयोग.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा. पेशी जेव्हा बाहेरची वस्तू आत घेते, तेव्हा ती पडद्याच्या एका छोट्या पिशवीत घेते. या पिशवीला एंडोसोम म्हणतात. पेशी तिच्यात हळूहळू आम्ल वाढवत नेते, कारण आतला माल पचवायचा असतो. पण आम्ल वाढलं की आपल्या मेदावर पुन्हा धन भार येतो. तो एंडोसोमच्या ऋण भाराच्या पडद्यात घुसतो, पडदा फुटतो आणि आरएनए पेशीद्रवात सांडतो. ज्या आम्लाने त्याचा नाश व्हायचा, त्याच आम्लाने त्याची सुटका होते.

सुटका मात्र फार थोड्यांची होते. २०१३ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात असं दिसलं की पेशीत शिरलेल्या आरएनएपैकी शंभरातला एखाद-दुसराच हिस्सा एंडोसोमबाहेर पडतो, बाकीचा पचून जातो. आजच्या सगळ्या यशस्वी औषधांच्या मुळाशी इतकी मोठी गळती आहे. ती निम्म्यावर आणता आली तरी कितीतरी कमी औषधात काम भागेल, खर्च घटेल, दुष्परिणामही घटतील. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा या एका पायरीवर तळ ठोकून बसल्या आहेत.

कणात आणखी तीन घटक असतात. पेशीच्या पडद्यात असतो तसा फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल कणाला आकार आणि बळकटी देतात. चौथा घटक पॉलिएथिलीन ग्लायकॉलची शेपटी लावलेला मेद. तो पृष्ठभागावर राहतो आणि कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ देत नाही.

या रचनेचं पहिलं आरएनए औषध ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. त्याचं नाव पॅटिसिरान. यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन काही घराण्यांत वाकडं बनतं आणि नसांत, हृदयात साचतं. हे औषध त्या प्रथिनाची सूचना खोडून टाकतं. दोन वर्षांनी कोविड आला, तेव्हा मेदकणांचं तंत्र हाताशी तयार होतं. लस वर्षभरात आली याचं अनेकांना आश्चर्य वाटलं, काहींना संशयही आला. त्यामागे लायपोसोमपासूनचं अर्ध्या शतकाचं काम उभं होतं.

पाश्चात्त्य एमआरएनए लशींना कडक थंडी लागे. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे जमणं अशक्य. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने बनवलेल्या आणि जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळालेल्या देशी एमआरएनए लशीला २ ते ८ अंश पुरतात, म्हणजे साध्या लशींच्या फ्रिजमध्ये ती राहते. ती येईपर्यंत साथीचा भर ओसरला होता, म्हणून तिची चर्चा झाली नाही. पण एमआरएनए उष्ण देशात टिकवण्याचं ज्ञान इथे तयार झालं, आणि त्याची किंमत एका साथीपुरती नाही.

लशीच्या बाबतीत एक गोष्ट सोपी होती. दंडात टोचलेले कण तिथल्या आणि जवळच्या लसीकाग्रंथींतल्या पेशींत गेले की काम झालं. आजार बरा करायचा असेल तर मात्र पार्सलवर नेमका पत्ता लागतो. आणि इथे मेदकणांचा स्वभाव आड येतो, कारण शिरेतून दिलेले कण बहुतेक सगळे यकृतात जातात. रक्तात शिरताच त्यांच्यावर अपोलिपोप्रोटीन ई हे रक्तातलं प्रथिन चढतं. यकृताच्या पेशी कोलेस्टेरॉल वाहणारे कण याच प्रथिनावरून ओळखून आत घेतात. त्यांना आपला कणही त्यांतलाच वाटतो. शिवाय यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे कण सहज पलीकडे पोचतात.

यकृताचा आजार असेल तर ही अडचण उलट पथ्यावर पडते. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात जे घडलं ते यामुळेच शक्य झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये जन्मलेल्या एका बाळाला सीपीएस१ या विकराची गंभीर कमतरता होती. प्रथिनं पचताना तयार होणाऱ्या अमोनियाचं युरियात रूपांतर करण्यासाठी हे विकर लागतं. ते नसेल तर अमोनिया साचून मेंदूला इजा होते. साधारण तेरा लाख जन्मांत एक, इतका हा आजार दुर्मिळ आहे. त्यावर उपाय म्हणजे यकृताचं प्रत्यारोपण, पण तोवर तान्हं बाळ टिकायला हवं. डॉ. रिबेका अहरेन्स-निक्लस आणि डॉ. किरण मुसुनुरू यांच्या गटाने त्या बाळाच्या डीएनएमधलं चुकीचं अक्षर शोधलं आणि फक्त त्या एका अक्षरासाठी औषध बनवलं. साधारण सहा महिन्यांत.

औषध म्हणजे मेदकणांत भरलेल्या दोन गोष्टी. डीएनएचं एक अक्षर रासायनिकरीत्या बदलणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए, आणि नेमकी जागा दाखवणारा एक छोटा आरएनए. डीएनएचे दोन्ही धागे न तोडता अक्षर बदलण्याची ही पद्धत डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २०१६-१७ मध्ये विकसित केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाळाला पहिला डोस दिला, तोही जपून, अगदी कमी. मग मार्च आणि एप्रिलमध्ये वाढवून आणखी दोन. हे वाढवत जाणं मेदकणांमुळेच जमलं. विषाणूंच्या पाठीवरून जनुक पाठवलं तर शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि दुसरा डोस बहुधा लागू पडत नाही. बाळाला आता आधीपेक्षा जास्त प्रथिनं पचू लागली, अमोनिया काढणारी औषधं कमी करता आली, आणि जूनमध्ये ते घरी गेलं. डॉक्टरांनी त्याला बरं झालं असं म्हटलेलं नाही. पुढची कित्येक वर्षं लक्ष ठेवावं लागेल.

हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. ट्रान्सथायरेटिनचं जनुकच मेदकणांतून पाठवलेल्या क्रिस्परने, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राने, बंद करण्याचा प्रयोग २०२१ मध्ये पहिल्यांदा सहा रुग्णांवर झाला. त्यातल्या जास्त डोसच्या गटात त्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण सरासरी ८७ टक्क्यांनी उतरलं. सगळ्यांनाच हुरूप आला, मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांतल्या एका चाचणीतल्या रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाली, डोस देणं थांबवावं लागलं, आणि पुढे तो रुग्ण दगावला. जे सगळं यकृतात जातं, त्याचा भारही यकृतच सोसतं. असा उपचार सुचवला गेला तर हा प्रश्न रुग्णाने आणि घरच्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारायला हवा.

मग यकृत टाळून दुसरीकडे कसं जायचं? टेक्सासमध्ये डॅनियल सीगवॉर्ट यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की नेहमीच्या चार घटकांत पाचवा मेद योग्य प्रमाणात घातला की कणांची दिशा बदलते. कायम धन भाराचा मेद घातला की उंदरांत कण फुप्फुसात जातात, ऋण भाराचा घातला की प्लीहेत. पूर्वी ज्या धन भाराला विषारी म्हणून हाकललं, तोच थोड्या प्रमाणात पत्ता लिहायला उपयोगी पडला.

दुसरा मार्ग म्हणजे कणाच्या पाठीवर प्रतिपिंड लावणं, जे हव्या त्या पेशीलाच ओळखतं. याचं सर्वांत आशादायक रूप कर्करोगाच्या कार-टी उपचारात दिसतंय. त्यात रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोग ओळखणारं जनुक देऊन, वाढवून परत सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेला नेक्सकार१९ हा भारतातला पहिला असा उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाला. परदेशी किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात. तरीही खर्च लाखांतच जातो, कारण प्रत्येक रुग्णासाठी पेशींची वेगळी तुकडी बनवावी लागते. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी टी-पेशी ओळखणारं प्रतिपिंड लावलेले मेदकण थेट शिरेतून दिले. टी-पेशींचं रूपांतर शरीरातच झालं. उंदरांत गाठी आटोक्यात आल्या, माकडांत बी-पेशी, म्हणजे ज्यांना टिपायचं होतं त्या पांढऱ्या पेशी, काही काळ नाहीशा झाल्या. माणसांवरच्या चाचण्या आता सुरू झाल्या आहेत. पेशी बाहेर काढणं, वाढवणं, गोठवणं हे सगळं वगळता आलं, तर सर्वांत मोठा खर्चच वगळला जाईल.

माझं लक्ष मात्र अस्थिमज्जेकडे लागलं आहे, आणि त्याचं कारण सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं, आणि त्यापायी ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात. हाडं फोडणाऱ्या वेदना, पुन्हापुन्हा रक्त भरणं, लहान वयात पक्षाघात. आजाराची रेणूपातळीवरची ओळख १९४९ मध्ये पटली. त्यावरचा क्रिस्पर उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य व्हायला २०२३ उजाडलं.

तो उपचार गुणकारी आहे, पण त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. त्यात मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त बनतं त्या पेशी, काढून बाहेर दुरुस्त करतात आणि त्या परत रुजाव्यात म्हणून तीव्र केमोथेरपी देऊन आधीची मज्जा रिकामी करतात. कित्येक आठवडे रुग्णालयात राहायचं, वंध्यत्वाचा धोका पत्करायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने बिरसा १०१ हा देशी क्रिस्पर उपचार जाहीर केला आणि पुढच्या कामासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार केला. किंमत खूप उतरेल अशी आशा धरता येते. पण पद्धत पेशी बाहेर काढण्याचीच, म्हणजे प्रत्यारोपण करू शकणारं मोठं रुग्णालय लागणारच. असं रुग्णालय भामरागड किंवा धडगावपासून किती लांब आहे ते तिथल्या आईबापांना विचारावं.

म्हणून २०२३ मध्ये फिलाडेल्फियातल्या गटाने प्रसिद्ध केलेलं काम मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी रक्ताच्या मूळ पेशींवर असणारी सीडी११७ ही खूण ओळखणारं प्रतिपिंड मेदकणांवर लावलं. शिरेतून दिलेले कण उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत पोचले आणि त्यांचं जनुक बदलू शकले. सिकलसेल रुग्णांच्या पेशींवर प्रयोगशाळेत हेच कण वापरले, तेव्हा विळ्यासारख्या वाकणाऱ्या पेशी घटल्या. अक्षर बदलणाऱ्या पद्धतीने सिकलसेलचं अक्षर मूळ स्वरूपात आणता येत नाही. पण ते बदलून माकासार नावाचं हिमोग्लोबिन मिळतं, जे निसर्गात काही माणसांत आधीपासून आहे आणि त्रास देत नाही.

अडचण संख्येची आहे. अस्थिमज्जेत खऱ्या मूळ पेशी अगदी विरळ असतात, आणि कण तिथे पोचेपर्यंत यकृत त्यांतले बरेचसे ओढून घेतं. डोस वाढवावा तर यकृताला धोका. हे गणित सुटलं, तर सिकलसेलचा उपचार जिल्हा रुग्णालयातल्या काही तासांच्या सलाइनवर येऊ शकतो. श्रीमंत देशांतल्या कंपन्यांसाठी हा अनेक आजारांपैकी एक आहे, तर मध्य भारतातल्या आदिवासी पट्ट्यासाठी तो घरातला आजार आहे. एमआरएनए बनवणारे पुण्यात आहेत, कार-टी बनवणारे मुंबईत आहेत, मेदकणांचा अनुभव केईएमच्या काळापासून आहे, आणि रुग्णांची माहिती विदर्भातल्या आरोग्यसेवकांच्या वह्यांत आहे. ही माणसं एका प्रकल्पात एकत्र यावीत, असं मनापासून वाटतं.

तोवर हातात जे आहे ते स्वस्त आहे आणि त्याचा उपयोग होतो. बोटातून काढलेल्या रक्ताची तपासणी, बाळ जन्मल्याबरोबर निदान, वेळेवर लशी, आणि हायड्रॉक्सियुरियाची गोळी, जिने वेदनेचे झटके निश्चित कमी होतात. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं. तपासणीत रुग्ण ठरलेल्या प्रत्येकाला ही गोळी दर महिन्याला गावाजवळच्या केंद्रात मिळते का, एवढं पाहायला कुठलंही नॅनोतंत्रज्ञान लागत नाही.